माणिकभाऊंचा सहावा पंखा

जरा कान इकडं दे. नांदेडहून लातूरला यायला मुहूर्त लागतो होय गं तुला? वाटेत अहमदपूरला चहा प्यायला तरी दुपारपर्यंत पोचशील. राहू दे, आमच्या शेजारच्या माणिकभाऊंचं इथूनच सांगते.

हा माणूस कुणाच्याही घरी गेला की आधी खिशातून उदबत्ती काढतो. नवख्याला वाटतं, लई देवभोळा हाय. पण भाऊ ती पेटवतात आणि धूर कुठं जातो ते बघत उभे राहतात. "अक्का, हवेला यायला दार हाय, जायला न्हाई," हे ठरलेलं. मागं साडीच्या दुकानात पेटवली, तर मालक हात जोडून म्हणाला, "काका, पूजा झाली सकाळीच."

त्यांची स्वतःची इमारत. खाली खानावळ, वर मुलांची अभ्यासिका. फोडणी खाली, खोकला वर. मुलं सोडून चालली होती. तेवढ्यात सरकारची योजना निघाली : दुकानं, खानावळींत कमी विजेचे, धूर ओढणारे पंखे बसवा आणि किमतीत सूट घ्या. अट एकच, जुने पंखे जमा करायचे. भाऊंनी उदबत्ती घेऊन एकेक पंखा मोजला. मोजण्याच्या भरात मागच्या आपल्या राहत्या घरातलाही धरला अन् अर्जात सहा लिहिले.

तपासणीला साहेब आले. नवे पंखे मस्त फिरत होते, वर कुणी खोकत नव्हतं. साहेबांनी जुने मोजले. पाच.

"सहावा कुठाय?"

"गेला कुठंतरी."

"मग फाईल परत जाईल, काका."

भाऊ न पेटवलेली उदबत्ती नुसती बोटांत फिरवत राहिले. मी दारातच उभी होते, मला राहवलं न्हाई. म्हणलं, "साहेब, माझ्यासंगं या." भाऊंनी असं बघितलं माझ्याकडं, विचारू नकोस.

मागं घरात, स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या खिडकीत सहावा पंखा खडाखडा वाजत होता. साहेबांनी भाऊंचीच उदबत्ती पेटवून त्याच्यापुढं धरली. धूर सरळ वर.

"काका, हवेचे एवढे जाणकार तुम्ही. हा तर ओढतच न्हाई, नुसता बडबडतो."

"हाव," भाऊ खाली बघून म्हणाले, "सुभद्रा गेल्यापासून घरात दुसरं कोण बोलतंय?"

सुभद्रा त्यांची बायको. याच पंख्याच्या आवाजावर आवाज चढवून ती त्यांना जेवायला हाका मारायची.

साहेब पेन काढून म्हणाले, "राहत्या घरातला पंखा या योजनेत येतच न्हाई. सहाचे पाच करा, इथं सही करा."

भाऊंनी असा श्वास सोडला, की उदबत्तीचा धूर तेव्हा कुठं हलला.

सूट मंजूर झाली, अभ्यासिकाही भरली. तू मात्र लवकर ये बाई. भाऊंच्या ओट्यापाशी बसून गप्पा मारू दोघी. तेवढा वेळ तरी ते पंखा बंद ठेवतील.