मफी कार्ड, मफी लाइट

पास्कूभाऊ कुणाच्याही घरी गेले की लगेच बसत नाहीत. दारातच उभं राहून समोरच्याचा चेहरा न्याहाळतात आणि म्हणतात, "वहिनी, जरा डावीकडे सरका. नाकाची सावली ओठांवर येतेय." आपण मुकाट्याने सरकतो. माझ्या नवऱ्याला तर त्यांनी आमच्याच सोफ्यावर इतक्या वेळा हलवलंय, की सुट्टीच्या शुक्रवारी सकाळी बेल वाजली की नितीन आपणहून खिडकीकडे तोंड करून बसतो. आमची लेक मात्र बधत नाही. "अंकल, आय अ‍ॅम ओन्ली ईटिंग पोहे," म्हणते.

"पोहे पण दिसले पाहिजेत ना बाय," ते म्हणतात.

पास्कोल लोपीस मूळचे वसईचे. मुंबईच्या स्टुडिओंमध्ये लाइटमन म्हणून उमेदीची वर्षं घालवली आणि पन्नाशी उलटल्यावर बहरीनला आले. मनामात आमच्या खालच्या मजल्यावर दोन मल्याळी सोबत्यांबरोबर राहतात. सलमाबादच्या एका गोदामातून दिवे उचलायचे आणि सीफच्या हॉटेलांतल्या लग्नांना, प्रदर्शनांना लावायचे, हे त्यांचं काम. व्हिसावर इलेक्ट्रिशियन असं लिहिलंय, पण तसं म्हटलेलं त्यांना चालत नाही. "इलेक्ट्रिशियन दिवा लागला की घरी जातो," ते सांगतात. "आमचं काम दिवा लागल्यावर सुरू होतं."

त्यांचा आवडता शब्द 'रीतसर'. लिफ्टमध्येसुद्धा ते रीतसर चढतात, म्हणजे आतला शेवटचा माणूस बाहेर पडून कोपऱ्यावर वळेपर्यंत थांबतात. आणि सगळ्यात रीतसर म्हणजे त्यांची युनियन. इथे आल्यावरही त्यांनी मुंबईची मेंबरशिप सोडली नाही. कार्ड कायम शर्टाच्या खिशात.

मागच्या वर्षी एका शुक्रवारी ते म्हणाले, "वहिनी, तुमचं इंग्लिश बँकेतलं आहे. मला एक अर्ज करून द्या. माझी मेंबरशिप हैदराबादला ट्रान्सफर करायची आहे."

हैदराबादच का, विचारलं तर म्हणाले, "काम आहे तिकडे."

तेव्हा मला कळलं की मुंबईचं कार्ड हैदराबादच्या सेटवर चालत नाही. दर ठिकाणची युनियन वेगळी. इकडचं नाव कमी करून तिकडे लावून घ्यायचं. ऐकायला सोपं वाटलं म्हणून मी अर्ज केला. मुंबईचं उत्तर आलं: हैदराबाद घेत असेल तर आमची हरकत नाही, आधी त्यांचं पत्र आणा. हैदराबादचं उत्तर आलं: मुंबई सोडत असेल तर विचार करू, आधी त्यांचं पत्र आणा. दोन्ही पत्रं इतकी नम्र होती की भांडायलाही जागा नव्हती. मग मुंबईचं पत्र हैदराबादला आणि हैदराबादचं मुंबईला पाठवलं. दोघांनीही आभार मानले.

नितीन एकदा वैतागून म्हणाला, "भाऊ, हैदराबादलाही लग्नं होतात. तिथे लावा की दिवे. कार्ड कोण विचारतंय?"

"मफी कार्ड, मफी लाइट," पास्कूभाऊ म्हणाले. 'मफी' म्हणजे इथल्या अरबीत 'नाही'; कार्ड नाही तर लाइट नाही. "मला सेटवर काम करायचंय. आणि दुसऱ्याच्या गावात जाऊन, त्याच्या पोटावर पाय देऊन करायचं नाही."

मग हिवाळ्यात हैदराबादचं एक शूटिंग युनिट बहरीनला आलं. दिवे पास्कूभाऊंच्याच कंपनीकडून घेतलेले. शूटिंग माझ्या बँकेसमोरच्या हॉटेलात होतं, म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत डोकावले. पाहते तर सगळं युनिट खोळंबलेलं. नायिका छत्रीखाली, दिग्दर्शक घड्याळ बघतोय, आणि मधोमध पास्कूभाऊ, हात पाठीमागे बांधून. त्यांच्यासमोर युनिटचा फोरमन वेंकट, चांगला दांडगा माणूस, कपाळाला हात लावून उभा.

"चाचा, ये बहरीन है. इधर कौन सी युनियन?" वेंकट विचारत होता.

"युनियन तुम्हारे साथ आया ना," पास्कूभाऊ म्हणाले. "मैं तुम्हारा मेंबर नहीं है. पहले परमिशन."

शेवटी वेंकटने हैदराबादच्या सेक्रेटरींना फोन लावला आणि तो स्पीकरवर टाकला. पलीकडून तेलुगूत काहीतरी विचारणा झाली, बराच वेळ हसू ऐकू आलं आणि परवानगी मिळाली. पास्कूभाऊंनी हात सोडले. पुढचं मी पाहतच राहिले. हा माणूस आमच्याकडे कठडा धरून जिना उतरतो. तिथे तो दिव्याभोवती असा फिरत होता की नायिका कॅमेऱ्याऐवजी त्याच्याकडेच बघत होती.

परत गेल्यावर वेंकटने सेक्रेटरींना सांगितलं, या माणसाला घ्या, हा सगळ्यांना शिस्त लावेल. महिनाभरात हैदराबादचं पत्र आलं आणि त्यापाठोपाठ मुंबईचंही. मी शिरा केला, त्यांना वर बोलावलं आणि अभिनंदन केलं. पास्कूभाऊंनी शिऱ्याची बशी हातात घेतली, पण चमचा काही उचलेनात.

"आता फ्लोरीला सांगावं लागणार," ते म्हणाले.

फ्लोरी म्हणजे त्यांची बायको. ती वसईला असते असाच आमचा समज होता. ती सिनेमात केशभूषा करते. मालिकांचं काम मिळालं म्हणून तिने आपली मेंबरशिप हैदराबादला नेली होती. तुम्हीही अर्ज टाका, असं तिने परोपरीने विनवलं होतं.

"मी म्हटलं, मी बायकोच्या मागे गाव बदलणारा नाही," पास्कूभाऊ खाली बघत म्हणाले. "ती एकटी गेली. मी इकडे आलो. नाताळला फोन करतो. हवापाणी विचारतो."

"मग नुसतं भेटायला जायचं होतं की," मी म्हणाले.

"पाहुणा म्हणून? तिच्या घरी?" त्यांनी मान हलवली. "तिने बोलावलेलं तेव्हा बरोबरीने बोलावलेलं."

नितीनने त्यांच्यासमोर फोन सरकवला. ते तो घेऊन आमच्या स्वयंपाकघरात गेले. दार उघडंच होतं, त्यामुळे दिसत होतं आणि ऐकूही येत होतं.

"फ्लोरी, मी. नाही, नाताळ नाही. बरा आहे. माझं नाव लागलं तिकडे. हैदराबादला. हो, रीतसर." मग त्यांनी ओट्यावरचा चहाचा डबा उगाच सरळ केला. "खोली बघेन कुठेतरी. युनियनवाले सांगतील." डबा परत होता तिथे सरकवला. "नको म्हणजे? बरं. बरं. नाही बघत खोली."

ते बाहेर आले. चष्मा काढून शर्टाला पुसला, परत घातला. लेकीने त्यांच्यासाठी खुर्ची ओढली, तिच्यावर बसले.

"वहिनी, तिकीट काढायचं तर रविवारचं बघाल का?" ते म्हणाले. "रविवारी तिला सुट्टी असते. न्यायला येते म्हणाली."