गोष्ट नको, चूक दाखव

शिरस्तेदारकाकांनी मला वाचवलं, हे आधी लिहून ठेवते. कारण पुढे मी त्यांच्याविषयी बरंच वाकडं बोलणार आहे.

महाडच्या कोर्टात कागद लावण्यात त्यांचा जन्म गेला. त्यामुळे प्रत्येक गोष्टीला मुद्दे घालायची खोड. मी त्यांच्याकडे स्वयंपाक करायचे, तेव्हा ताटाखाली रोज चिठ्ठी निघायची : ‘मुद्दा एक, आमटीत मीठ कमी. मुद्दा दोन, तरी संपवली.’

मी पोलादपूरकडची, सातवी शिकलेली. जातीबाहेर लग्न केलं म्हणून गावकीनं आम्हाला वाळीत टाकलं, मग घर जाळलं. मुंबईला पळालो, तिथंही माणसं आली. शेवटी एका ओळखीनं महाडला येऊन दोन महिने काकांच्या मागच्या खोलीत लपून राहिलो; स्वयंपाक केला तो तेव्हाच. काकांनी काही विचारलं नाही. शेजाऱ्यांना सांगायचे, भाची आली आहे.

नवऱ्याला ऑस्ट्रेलियात हॉटेलात काम लागलं, म्हणून इथे आलो आणि संरक्षणाचा व्हिसा मागितला. नाकारला. अपील ऐकणाऱ्या मंडळानंही नाकारला. ‘मुंबईत सुखानं राहता येईल,’ असं निकालात लिहिलेलं. उरलं कोर्ट. मी रडतच काकांना व्हिडिओ कॉल लावला.

“काका, आमचं घर जाळलं ओ...”

“गोष्ट नको. चूक दाखव.”

“त्यांना आमचं खरं वाटलं नाय, हीच चूक!”

“ही तक्रार झाली. कोर्ट तुझी गोष्ट पुन्हा ऐकणार नाही. निकाल देणारे कायद्याला सोडून कुठे गेले, तेवढंच बघणार. पान धर.”

रोज एक पान. मी फोनसमोर कागद धरायचा, त्यांनी तिकडे फोनवर पट्टी धरून ओळन् ओळ वाचायची. मध्येच त्यांचं बोट लाल बटणावर पडायचं. फोन बंद! पुन्हा लावला की मलाच दम : “कामकाज चालू असताना उठून जायचं नाही!”

माझे हात भरून यायचे. नवरा म्हणायचा, “म्हाताऱ्याला टाईमपास पायजे गो, दुसरं काय नाय.”

अठराव्या पानावर पट्टी थांबली. “मुंबईबद्दल तू काय सांगितलं होतंस?”

“हेच की तिथं आमच्या गावची खोली हाय. अर्धा गाव तिथंच उतरतो, घर जाळणारेपण. त्यांनीच आम्हाला शोधलं.”

“लेखी दिलं होतंस?”

“दिलं ना!”

“आणि निकालात खोलीबद्दल एक अक्षर नाही! सांगितलेलं विचारातच घेतलं नाही. ही चूक!” त्यांनी पट्टी अशी आपटली की फोन पुन्हा बंद.

इथल्या फुकट मदत करणाऱ्या वकीलबाईंनी तोच मुद्दा लावून धरला. कोर्टानं निकाल रद्द केला. व्हिसा दिला नाही. मंडळानं पुन्हा नीट ऐकावं, एवढाच हुकूम. मी हिरमुसून काकांना कळवलं.

त्यांनी पट्टी बाजूला ठेवली, चष्मा पुसला. “आता तिथे गोष्टच लागेल. सांग, पहिल्यापासून.”

मी सांगितली. जळत्या घरातून उडी मारली तिथपर्यंत, आणि पुढची सगळी. त्यांनी एकदाही अडवलं नाही.

“म्हणजे माझ्याकडे आलीस तेव्हा पाय दुखत होता तुझा,” ते म्हणाले. “लंगडत वाढायचीस. आणि मी मिठाचं लिहीत बसलो.”

सुनावणी अजून व्हायची आहे. व्हिसा मिळाला तर ज्या देशातून पळालो तिथे परतता यायचं नाही, म्हणजे महाडलाही जाणं होणार नाही. म्हणून काकांनाच एक दिवस इकडे बोलावीन, समोर बसवून आमटी वाढीन. आणि ताटाखालची चिठ्ठी त्या दिवशी माझी असेल.