नोकरी सोडण्याचं कारण: सकाळ झाली

कडूबा धनगराला नागरिकत्वाचा दाखला मिळून काय फायदा होणार होता, ते आधीच मांडून ठेवलेलं बरं. नाहीतर पुढं कुणीतरी म्हणायचं, माणूस हावरट होता. मत द्यायला त्याला दाखला नको होता. मत तो पहिल्याच निवडणुकीत देऊन आला होता, आणि बोटावरची शाई त्यानं कळपातल्या म्होरक्या मेंढ्यालाही दाखवली होती. मानासाठीही नको होता. देवगाव रंगारीच्या शिवारात त्याचा जो काय मान होता तो मेंढरांमुळं होता. फायदा एवढाच, की कन्नडच्या डोंगरात चराईचा परवाना मिळणार होता. मिरग लागला की सगळी वावरं पेरली जातात, आणि मग मेंढराला पाय टेकायला डोंगराशिवाय जागा उरत नाही. परवाना असेल तर कळप डोंगरात, नसेल तर सरकारी कोंडवाड्यात. नव्या हुकमाप्रमाणं परवाना फक्त नागरिकालाच मिळत होता. गवत मात्र कुणाचीही चौकशी न करता उगवत होतं; त्याच्यासाठी अजून फॉर्म छापून यायचा होता.

आता कडूबाचं नागरिकत्व संशयात आलं कसं? पोलीस ॲक्शनच्या आधीच्या धामधुमीत तो कळप घेऊन घाटाखाली चाळीसगावच्या बाजूला उतरला होता. निघाला तेव्हा मागं निजामाचं राज्य होतं. दसऱ्याला वर चढून आला तेव्हा वरही हिंदुस्थान झालेला होता. असे पुष्कळ लोक उतरले आणि चढले. पण कचेरीत विचारल्यावर ते सगळे 'इथंच होतो' म्हणाले. कडूबानं खरं सांगितलं. ही त्याची पहिली चूक, आणि बारकाईनं पाहिलं तर शेवटचीही. पुढचं सगळं नियमाप्रमाणं झालं.

औरंगाबादेत दिल्ली दरवाज्याच्या अलीकडं 'रहिवास व नागरिकत्व पडताळणी कचेरी (तात्पुरती)' अशी एक कचेरी उघडली होती. कंसातला शब्द पक्क्या तैलरंगात रंगवलेला होता. तिथले कारकून नानासाहेब हे अतिशय सरळ गृहस्थ. लाच घेत नसत, त्यामुळं त्यांच्याकडून काम करून घेण्याचा कुठलाच मार्ग लोकांना ठाऊक नव्हता.

"म्हणजे तू परमुलखातून हिंदुस्थानात आलास," नानासाहेब म्हणाले.

"नाय सायेब. म्या खाली हिंदुस्थानातच व्हतो. वर आलो त वरबी हिंदुस्थान."

"राहणारा कुठला?"

"हितलाच. देवगावचा."

"तू गेलास तेव्हा देवगाव कुणाच्या राज्यात होतं?"

"निजामाच्या."

"झालं तर. बाकीच्यांच्या घरी देश चालत आला. तू देशात चालत आलास. चालत येणाराला फॉर्म आहे."

फॉर्म चांगला जाड होता. कचेरीबाहेर लिंबाखाली काकासाहेब अर्जनवीस डेस्क मांडून बसत. जुन्या अंमलात ते उर्दूत दरखास्ती लिहीत, आता मराठीत लिहीत. दर मात्र दोन्ही भाषांत ओळीवरच. कडूबाचं नाव, बापाचं नाव, अंगावरची खूण, इथपर्यंत गाडी बरी चालली. मग चौदावा रकाना आला. पोलीस ॲक्शनच्या वर्षापासून आजपर्यंत केलेल्या प्रत्येक नोकरीचा तपशील: मालकाचं नाव, पत्ता, पदनाम, रुजू झाल्याचा दिनांक, सोडल्याचा दिनांक, सोडण्याचं कारण, सोबत मालकाचा दाखला. खाली बारीक अक्षरात टीप होती: 'एखादा दिवस कोरा राहिल्यास तो परकीय सेवेत गेला असे समजण्यात येईल.'

"मालक कोण रे तुझा?" काकासाहेबांनी विचारलं.

"मालक कशाचा? मेंढरं मपली, काठी मपली."

काकासाहेबांनी 'स्वतःचा धंदा' असं एका ओळीत लिहून टाकलं. एका ओळीचे पैसे घेताना त्यांना जरा वाईट वाटलं. पण त्यांनी वाईट वाटून घ्यायचं कारण नव्हतं. नानासाहेबांनी ती ओळ खोडली.

"धंद्याला दुकान लागतं, गल्ला लागतो. तू खातोस काय?"

"ज्वारी. रातच्याला ज्याच्या वावरात मेंढरं बसवली, त्यो देतो. त्याला लेंड्यांचं खत पडतं ना."

"म्हणजे काम त्याचं आणि मोबदलाही त्याचा. मग मालक तोच. किती दिवस असतोस त्याच्याकडं?"

"एक रात."

"मग?"

"मग फुडच्या वावरात."

नानासाहेबांनी टाक खाली ठेवला. जुन्या आणि नव्या, दोन्ही अंमलांत त्यांनी पुष्कळ बेजबाबदार माणसं पाहिली होती. पण रोज नोकरी सोडणारा माणूस त्यांच्यासमोर प्रथमच उभा होता.

"दररोज राजीनामा देतोस?"

"व्हय."

"कारण?"

"सकाळ होती सायेब."

झालं. काकासाहेबांनी पुरवण्या जोडायला घेतल्या. एकेक ओळ अशी: मालक, कारभारी पाटील, मौजे अमुक, पदनाम, फिरता खत-सहायक, रुजू, दिवस मावळताना, सोडली, दिवस उगवताना, कारण, सकाळ झाली. वर्तणुकीच्या जागी कडूबानं प्रामाणिकपणे 'तुरीचा शेंडा खाल्ला' असंही घालायला लावलं. महिन्याभरात काकासाहेबांनी डेस्कावर नवं कातडं चढवलं, आणि कडूबा दिसला की ते स्वतः उठून त्याला पाणी देऊ लागले.

ओळी झाल्या, पण दाखले राहिले. कडूबा कळप आणि बायको घेऊन गावोगाव निघाला. पहिला गाठला बद्रीनाथ, देवगावजवळचा बागाईतदार.

"दाखला ना? देतो की, कामून नाय देणार," बद्रीनाथ म्हणाला. "पर तू मपल्या वावरात कव्हा बसला व्हता, ते काय याद येईना बग. आज रातच्याला बसव. येईल याद."

सकाळी बद्रीनाथाला सगळी याद आली. त्यानं चार वर्षांपूर्वीच्या रात्रीचा दाखला दिला. पण आता कालची रात्र तयार झाली होती.

"मालक, कालच्या नोकरीचाबी कागद लागंल."

"देतो की. आज बसव मंग."

तिसऱ्या सकाळी बानाबाईनं नवऱ्याला वावरातून ओढूनच बाहेर काढलं. नाहीतर कडूबा आज तुम्हाला बद्रीनाथाच्याच बांधावर भेटला असता.

पुढच्या गावातही तेच. एक जुना दाखला मिळवायचा तर एक रात्र बसवावी लागे, आणि बसवलेली प्रत्येक रात्र म्हणजे नवी नोकरी, नवा मालक, नवा दाखला. अर्ज पुढं जाण्याऐवजी मागून वाढत चालला. बरं, ज्वारीचं काय? तर शेतकरी म्हणू लागले, कागद दिला, आता ज्वारी कशाची? बातमी अशी पसरली की ज्यांची वावरं कडूबानं कधी डोळ्यांनीही पाहिली नव्हती, ते रस्त्यात त्याला हाक मारून सांगू लागले, "अरे, तू मपल्याकडंबी व्हता की नोकरीला." त्या साली तालुक्यात फुकट खत इतकं झालं की कृषी खात्यानं ते आपल्या अहवालात 'शेतकऱ्यांत जागृती' म्हणून नोंदवलं.

"कागद भिजवून खायाचा का?" बानाबाईनं एका संध्याकाळी विचारलं. टोपलीत पीठ नव्हतं, दाखले होते.

"मिरगाला लई दिस ऱ्हायले नाय," कडूबा म्हणाला. "परवाना नाय भेटला त मेंढरं कोंडवाड्यात सडतील."

"मंग रोजचा नवा मालक कामून करता? ज्याला कागद पायजे, त्याच्याच आंगणात बसवा की. मालक त्योच, सही करनारबी त्योच."

दुसऱ्या दिवशी दिवस मावळायला कळप दिल्ली दरवाज्यातून आत शिरला आणि कचेरीच्या आवारात जाऊन बसला. आवार मोठं होतं, मागं विहीर होती आणि कचेरीच्या मोठ्या साहेबांनी हौसेनं लावलेली वांगी होती. ती वांगी सरकारी योजनांसारखी होती, म्हणजे पानं भरपूर आणि फळाचा पत्ता नाही. सकाळी नानासाहेब आले तर पायरीवर मेंढरू.

"ही काय भानगड आहे?"

"चाकरी करतेत सायेब," बानाबाई म्हणाली. "सरकारची."

प्रकरण साहेबांपर्यंत गेलं. साहेब चिडून मागच्या बाजूला गेले, वाकून वाफ्यातलं खत पाहिलं आणि शेरा मारला: 'चालू ठेवावे.' पंधरवड्यात वांगी धरली. साहेबांच्या घरून शेजाऱ्यांकडं वांगी गेली, शेजाऱ्यांकडून वरच्या साहेबांकडं गेली, आणि बढतीची यादी परत एकदा पाहण्यात आली.

इकडं काकासाहेबांनी फॉर्मच्या पाठीमागं एक पोटकलम शोधून काढलं: सध्याचा मालक सरकार असल्यास मागील नोकऱ्यांचे दाखले लागत नाहीत. सगळ्या पुरवण्या रद्द; एकच ओळ. मालक, ही कचेरी. सोडण्याचं कारण, अद्याप सोडलेली नाही. एवढी मोठी कमाई स्वतःच्या हातानं बुडवताना काकासाहेबांनी रद्द झालेल्या ओळी एकदा मोजून पाहिल्या, पण मेंढरं त्यांच्या डेस्काखालीही बसू लागली होती.

राहिली मालकाच्या वतीनं नानासाहेबांची सही. आणि इथं गाडी रुतली. सही करणाऱ्याचा स्वतःचा चौदावा रकाना भरलेला पाहिजे, असं कलमच होतं. नानासाहेबांनी तो अभिमानानं भरायला घेतला. पोलीस ॲक्शनपर्यंत जुन्या अंमलाची नोकरी, त्यानंतर नव्या अंमलाची. खुर्ची तीच, टेबल तेच. सोडण्याचं कारण लिहिताना ते अडखळले, कारण नोकरी त्यांनी सोडली नव्हती. सरकारनं सोडली होती. तेही निभावलं असतं. पण जुना हजेरीपट बंद झाला तो दिवस आणि नवा उघडला तो दिवस, यांच्यामध्ये दोन दिवस कोरे निघाले. त्या दोन दिवसांत नानासाहेब वेळेवर येऊन खुर्चीत बसले होते, कागद हातावेगळे करत होते. कुणाचे, हे कुणालाच सांगता येईना.

"दिवस कोरा म्हणजे परकीय सेवा," नानासाहेब हळूच म्हणाले. टीप त्यांनीच सुचवलेली होती. "कडूबा, माझी पेन्शन जाईल रे."

कडूबाला माणसाची दया आली. "त्या दोन दिसांत म्या चाळीसगावच्या रानात व्हतो सायेब. तिथं तव्हाबी हिंदुस्थानच व्हता. तुमी मपल्याकडं व्हते म्हना की."

"तुझ्याकडं? मी काय करत होतो तुझ्याकडं?"

"कोकरं राखायाला. लई अवघड काम नाय ते."

बानाबाई म्हणाली, "लिवा, बरी राखली म्हून."

काकासाहेबांनी दाखला लिहिला: 'नानासाहेब हे दोन रात्री माझ्याकडं कोकरं राखण्याच्या जागेवर होते. वर्तणूक समाधानकारक. कोकरू गहाळ नाही. नोकरी सोडण्याचं कारण, सकाळ झाली.' खाली कडूबाचा अंगठा. आता कडूबा नागरिक नाही तोवर त्याचा दाखला ग्राह्य नाही, आणि नानासाहेबांची सही नाही तोवर कडूबा नागरिक नाही. साहेबांनी यावर असा तोडगा काढला की दोघांनी एकाच क्षणी सही-अंगठा करावा. शिपायानं टोला दिला. टोल्याबरोबर दोन नागरिक तयार झाले.

कडूबा दाखला पटक्यात खोचून जंगलखात्याच्या कचेरीत गेला. तिथल्या कारकुनानं तो उजेडात धरून वाचला. नागरिकत्व, मान्य. व्यवसाय, सरकारी नोकर.

"परवाना नाही मिळायचा. सरकारी नोकराला खाजगी धंदा करता येत नाही."

"म्या कुठं धंदा करतो? मेंढरं पाळतो."

"तोच धंदा. त्यात तू ही मालमत्ता नेमणुकीच्या वेळी जाहीरही केलेली नाहीस."

"मंग नोकरी सोडतो."

"सोड. नोकरी सोडली की नागरिकत्वाचा आधार गेला. चौदावा रकाना पहिल्यापासून."

"आन पगार?"

"खत-सहायक हे पद मंजूर नाही. पद नाही म्हणून पगार नाही. नोकरी मात्र आहे. तुझ्याच फॉर्मात लिहिलेली आहे."

मिरगाच्या तोंडावर कळप सरकारजमा झाला. पंचनामा नानासाहेबांनी केला, आणि जुन्या ओळखीमुळं फार हळुवारपणे केला. कडूबानं म्होरक्याच्या गळ्यातली घंटी सोडून मागितली. ती यादीत आधीच चढली होती. बानाबाई आवाराच्या भिंतीला टेकून बसली होती. ती नवऱ्याला म्हणाली, "आता सकाळ झाली तरी जायाचं कुठं?"

कळप ठेवायला जागा नव्हती, आणि तशात नागरिकत्वाचा पहिला दाखला वेळेत दिल्याबद्दल कचेरीत जेवण करायचं ठरलं. शहरातली सगळी सुजाण मंडळी आली. वकील आले, मास्तर आले, वर्तमानपत्रवाले आले. तुम्हीही होतात, उगाच मान खाली घालू नका. मटण खात नसाल तर पलीकडच्या पंगतीला होतात, तिथं भरली वांगी होती. रस्सा वाढायला कडूबाच फिरत होता, कारण तो नोकरीत होता. तुम्ही दुसऱ्यांदा वाढून घेतलंत, आणि शेजारच्याला म्हणालात, या लोकांना कागदपत्रं वेळेवर करून घ्यायला काय होतं कळत नाही.

तर खर्चाचा ताळा असा: जागा कचेरीनं दिली. सरपण जंगलखात्यानं डोंगरातून मोफत पाठवलं. मसाला काकासाहेबांकडून आला. मेंढरं कडूबाची. तुमच्याकडून जमा आहे ती एक तक्रार, मीठ जरा कमी पडल्याची.