इंगळे मॅडमचं यान

इंगळे मॅडमची गोष्ट संपल्याशिवाय आमची काळीपिवळी दर्यापुरात शिरत नाही. एकदा रस्ता मोकळा मिळाला आणि जीप दहा मिनिटं आधीच गावाशी पोचली. तेव्हा आमचे ड्रायव्हर गफ्फारभाई यांनी ती सरळ बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि मागे वळून विचारलं, "हां मॅडम, फिर? दरवाजा खुला या नहीं?" आत अकरा माणसं कोंबलेली होती. एकानंही घड्याळ पाहिलं नाही. मी पाहिलं, पण मी गणिताची शिक्षिका आहे.

दरवाजा यानाचा होता. यान 'शून्यपार'मधलं होतं. आम्ही लहान असताना टीव्हीवर एकच चॅनेल होतं आणि त्यावर रविवारी सकाळी ही हिंदी मालिका लागायची. आठ माणसं एका यानातून सूर्यमालेबाहेर निघतात आणि परतीचा रस्ता हरवून बसतात. तेरा भाग झाले आणि मालिका संपली. बहुतेकांनी पाहिली आणि विसरले. इंगळे मॅडम विसरल्या नाहीत.

आम्ही दोघी अमरावतीला राहतो आणि दर्यापूरच्या एका शाळेत शिकवतो. माझी बदली तिथे झाली त्या पहिल्या दिवशी जीपमध्ये माझ्या शेजारी एक ठेंगणी, जाड भिंगाचा चष्मा लावलेली बाई बसली. नाव-गाव विचारायच्या आधी तिनं मला विचारलं, "तुमी शून्यपार पायली का?"

"नाही."

"काहून?"

"आमच्याकडे तेव्हा टीव्ही नव्हता. आणि मला यान, परग्रह वगैरेंची आवड नाही."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे नीट पाहिलं. "कीव येऊन राहिली मले तुमची. वलगावपर्यंत ऐका. नाई आवडलं तं तिथं उतरा."

वलगावला मी उतरले नाही. याचं श्रेय मी त्यांना देत नाही, नव्या शाळेतला पहिलाच दिवस होता.

त्याला नऊ वर्षं झाली. एका खेपेला एक भाग, तेरा संपले की पुन्हा पहिला. सुरुवात ठरलेली. गाडी शहराबाहेर पडली की मॅडम पदर खोचतात, घसा साफ करतात आणि तोंडानं यानाचं इंजिन सुरू करतात. "टुकटुकटुकटुक... तर यान निघालं." अवकाशयान असं टुकटुक का करेल, हे मी एकदा विचारलं होतं. "तुमी पायलं हाये का मी?" एवढंच उत्तर मिळालं. वलगाव आलं की त्या मध्येच थांबतात, "जाहिराती!" म्हणतात आणि शेंगदाणे खातात. दोन किलोमीटर कोणी कितीही विनवलं तरी बोलत नाहीत. खोलापूरच्या आसपास यानावर मोठं संकट येतं. ते टळलं की दर्यापूर.

यानाची कप्तान आहे मीरा. ही मीरा सगळा वेळ एका उंच खुर्चीत बसलेली असते. सात पुरुष यानभर धावपळ करतात, घाबरतात, भांडतात आणि शेवटी तिच्यापुढे येऊन उभे राहतात. मीरा बसल्या जागेवरून एक कळ दाबते आणि काम होतं. "धावते तो हमाल," इंगळे मॅडम सांगतात, "बसून राह्यते तो कप्तान." हे वाक्य गफ्फारभाईंना फार आवडतं.

माझी अडचण वेगळी होती. मी एकदा टोकलं, "इंगळे मॅडम, मागच्या वेळी चौथ्या भागात यानातलं पाणी संपलं होतं. आज हवा कशी संपली?"

"यानात का एकच गोष्ट संपते, वानखडे मॅडम? तुमच्या घरी संपते का?"

जीप हसली. माझ्या डोक्यात मात्र नोंद राहिली.

शाळेतही त्यांचं यान चालूच असतं. वर्गात त्या अगदी शुद्ध पुस्तकी बोलतात, पण उशिरा आलेल्या मुलाला "कोणत्या कक्षेत भ्रमण चाललं होतं?" असं विचारतात. आमच्या कारकुनानं एकदा "पगारवाढीला प्रकाशवर्षं लागतील" असा विनोद केला. त्याला त्यांनी मधल्या सुट्टीत फळ्यापुढे उभं केलं आणि प्रकाशवर्ष हे अंतर असतं, वेळ नव्हे, हे पाठ म्हणायला लावलं. त्यांनी लग्न केलं नाही. का, असं कोणी विचारलंच तर म्हणतात, "रविवारी सकायी मले अकोल्याले जावं लागते. असा नवरा कुठी भेटते?" अकोल्याला त्यांची मोठी बहीण राहते, रत्नाताई. लेडीज टेलर आहे. दर रविवारी पहिली बस धरायची हा त्यांचा नेम आहे.

मागच्या महिन्यात मी डाळ भिजत घालून सहज मोबाईल घेऊन बसले, आणि 'शून्यपार' सापडली. कोणीतरी जुन्या कॅसेटवरून तेराच्या तेरा भाग इंटरनेटवर चढवले होते. चित्र जरा हलत होतं, पण दिसत होतं. मी पहिला भाग उघडतो का तेवढं पाहिलं आणि सगळे लॅपटॉपमध्ये उतरवून घेतले. त्याच आठवड्याच्या रविवारी इंगळे मॅडमनी मला बहिणीकडे रोडगे खायला बोलावलं होतं. मी ठरवलं, तिथेच दाखवायचं. शाळेच्या यादीत इंगळे मॅडमच्या जवळच्या नातेवाईक म्हणून लिहिलेला रत्नाताईंचा नंबर काढून त्यांना आदल्या दिवशीच कळवूनही टाकलं. कामात मी चोख आहे.

बस मूर्तिजापूरजवळ आली तेव्हा मी इंगळे मॅडमना सांगितलं. मला वाटलं होतं, त्या बसमध्येच नाचतील.

त्यांनी शेंगदाण्याची पुडी बंद केली. "नका दाखवू, मॅडम."

"का?"

"मी पायली नाई ते."

मग उरलेला रस्ता त्या बोलत होत्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात टुकटुक नव्हतं. त्यांचं गाव नांदगाव खंडेश्वरकडचं. सगळ्या गावात एक टीव्ही, ग्रामपंचायतीच्या खोलीत. खोलीला लागूनच पिठाची चक्की, सारखी टुकटुक करणारी. दर रविवारी आई ह्यांना ज्वारीचा डबा देऊन दळणाला पाठवायची. नंबर येईपर्यंत ह्या खोलीच्या मागच्या खिडकीला लटकून 'शून्यपार' पाहायच्या. अर्धा पडदा दिसायचा. चक्कीमुळे आवाज एका शब्दाचाही यायचा नाही.

"आन घरी रत्नाताई. पोलिओनं दोनी पाय गेलेले. शाया नाल्याच्या पल्याड, तं तेबी सुटली. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहे. कोनासंगं बोले नाई. मी येऊन तिले सांगो. ऐकू तं काई नाई ये, मंग मनानंच सांगो. एक बाई खुर्चीत बसेल दिसे मले. मी म्हटलं, हेच कप्तान."

"मग?"

"मंग ते उठून बसली. पुढच्या रविवारी उंबऱ्यात येऊन बसली होती, मायी वाट पाहत. वर्षभरानं बाबाले म्हने, मले हातमशीन आना. बसल्या जाग्यावरून चालवीन." त्यांनी चष्मा पुसला. "आता तीन मशिनी हायेत, मोटरच्या. दोन पोरी हाताखाली. तिच्या दुकानाचं नाव काय हाये, माईत हाये का तुमाले?"

माहीत नव्हतं. अर्ध्या तासानं वाचलं. "शून्यपार लेडीज टेलर्स. फॉल-पिको करून मिळेल."

"मी लॅपटॉप काढतच नाही," मी पाटीखाली उभी राहून म्हटलं. "बिघडला म्हणते."

पण आत रत्नाताई इस्तरीची साडी नेसून, केसांत गजरा माळून उंच खुर्चीत बसल्या होत्या. रविवार गिऱ्हाइकांचा दिवस असूनही मशिनींवर कापड झाकलं होतं. भिंतीशी दोन खुर्च्या आणि समोर टेबल मांडून ठेवलं होतं. टेबलावर लॅपटॉपपुरती जागा पुसून ठेवली होती.

"या मॅडम. चाळीस वर्सं झाले, मले मीरा पाह्याची हाये. पयले ते लावा, रोडगे मंग."

इंगळे मॅडम "मॅडमचा लॅपटॉप बि..." एवढं म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. मी लावला. खोटं बोलायचं तर आधी ठरवून बोलावं लागतं.

यान निघालं. टुकटुक नव्हतं, नुसतं घूंऽऽ होतं. एक मिशीवाला आला आणि सगळ्यांनी त्याला सलाम ठोकला. एका कोपऱ्यात खुर्चीवर एक मुलगी बसली होती. तिनं एका कागदावरचे आकडे वाचून दाखवले. पाचव्या मिनिटाला ती उठली, चालत गेली आणि मिशीवाल्याला चहासारखं काहीतरी देऊन आली.

"हे मीरा?"

रत्नाताई इंगळे मॅडमकडे वळल्या.

"पमे. कप्तान मिशीवाला हाये?"

"हो, ताई."

"आन हे आकडे वाचते? बस?"

"चक्की चालू राहे, ताई," इंगळे मॅडम स्वतःच्या चपलांकडे पाहून म्हणाल्या. नववीच्या वर्गाला गप्प करणारा आवाज पार खाली गेला होता. "मले काईच ऐकू नाई ये. मी मनानंच सांगितलं सारं."

रत्नाताईंनी गळ्यातली मोजपट्टी काढली, गुंडाळली, पुन्हा सोडली. पडद्यावर ती मुलगी दुसऱ्यांदा उठली. रत्नाताईंनी एखाद्या नवख्या पोरीची उलटी शिवण पाहावी तसं तिच्याकडे पाहिलं.

"बिघडवलं," त्या म्हणाल्या.

"ताई, मी..."

"तू नाई वं. ह्या बनवनाऱ्यायनं. चांगली बसली होती खुर्चीत, उठवली काहून तिले? अन हा मिशीवाला! ह्याच्यानं काजबटन नाई व्हाचं, यान कुठून चालते?" मग माझ्याकडे वळून, "मॅडम, आवाज बंद करा ह्याचा."

मी बंद केला.

"पमे, उभी राय. खिडकीत राहे तशी. सांग."

इंगळे मॅडम उठल्या. पदर खोचला. घसा साफ केला, पण आवाज फुटेना. त्यांनी दोनदा प्रयत्न केला. रत्नाताई वाट पाहत होत्या. चित्र पुढे सरकत होतं, आणि कोणीतरी काहीतरी करायला हवं होतं.

सव्वीस वर्षं मी गणित शिकवते आहे. दुकानाचं दार लोटलेलं आहे याची मी खात्री केली आणि म्हटलं, "टुकटुकटुकटुक."

"जरा जोरानं, मॅडम," रत्नाताई म्हणाल्या. "ज्वारी हाये."

मी जोरानं केलं. इंगळे मॅडम हसल्या, नाक पुसलं आणि त्यांचा आवाज आला. "तर यान निघालं!" पडद्यावर मिशीवाल्यानं तोंड उघडलं, आणि त्या रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "मीराबाई, मीराबाई, रस्ता चुकला वो! आता काय करू?"

रत्नाताई खुर्चीत ताठ बसल्या. पडद्यावरची नजर न काढता त्यांनी टेबलावरचं एक बटण बोटानं दाबलं. शर्टाचं होतं.

"रडू नको," त्या म्हणाल्या. "सरक बाजूले."