लांब दांड्याचं ओगराळं

एका जंगलात, मुलांनो, माप मोठ्यांचं असे. म्हणजे कुठलीही नवी वस्तू करायची ती सर्वांत ज्येष्ठाच्या मापानं. ज्येष्ठ होते गजोबा हत्ती. त्यामुळे ससे ताटात उभे राहून जेवत आणि उंदीर पाटावर चढायला शिडी लावत. तक्रार कुणी करत नसे. तक्रारपेटीही गजोबांच्या उंचीवर टांगलेली होती.

तिथं झिपरी नावाची एक खार होती. नदीपलीकडे शिकून आलेली. आल्या आल्या ती गवताची काडी घेऊन घरोघर पंजे मोजत सुटली. वस्तू जो वापरणार त्याच्या हातात ती बसायला हवी, असं तिचं म्हणणं. जंगलात हे आधी कुणाला सुचलं नव्हतं. सुचलं असेल त्यानं चारचौघांत बोलून दाखवलं नव्हतं. तिनं उंदरांना वाट्या करून दिल्या. उंदीर पहिल्यांदा बसून जेवले. ज्येष्ठ म्हणाले, पोरगी हाताबाहेर गेली.

पण झिपरीचा जीव अडकला होता तळ्यात. तळं एकच, आणि त्यात नानासाहेब मगर. लहान प्राणी वाकून पाणी प्यायचे आणि त्यातले काही परत यायचे. ज्येष्ठांना नानासाहेब कधी तोंड लावत नसत. लहानांवर त्यांचं भागत होतं. झिपरीची मैत्रीण शेवंता सशी हिची पिल्लं आता पाण्यावर जाण्याच्या वयाची झाली होती.

झिपरीनं करवंटीला बांबूचा लांब दांडा लावला. हलकं, सशाला पेलेल असं ओगराळं. उंच काठावर मागे उभं राहायचं आणि पाणी काढायचं.

ज्येष्ठांची सभा बसली. पाण्याचे जाणकार म्हणून नानासाहेबांना खास बोलावणं होतं. गजोबांनी ओगराळं सोंडेत धरलं, ते दिसेनासं झालं. हा आपला अपमान आहे असं त्यांना वाटलं.

अण्णा अस्वल म्हणाले, "आमच्या वेळी आम्ही वाकूनच प्यायचो. काय बिघडलं आमचं?"

"ज्यांचं बिघडलं ते सांगायला उरले नाहीत, अण्णा," झिपरी म्हणाली.

सभेला तिचा सूर आवडला नाही. नानासाहेब मात्र प्रेमानं बोलले. "कल्पना सुंदर आहे, बाळ. फक्त दांडा आखूड कर. पाण्याशी आपलं नातं तुटायला नको."

दोन म्हाताऱ्या वानरांचे डोळे भरून आले.

झिपरीनं साफ नकार दिला. मग ज्येष्ठांनी सुतारपक्ष्याकडून सुधारित ओगराळं करून घेतलं. वाटी गजोबांच्या मापाची, दांडा वीतभर. वर मोठ्या मनानं नाव झिपरीचं. ते उचलायला चार ससे लागले. चौघं एकदम पाण्यावर वाकले. नानासाहेबांना पूर्वी एका वेळी एकच मिळायचा.

त्या चौघांत शेवंताचा नवरा होता.

शोकसभेत ठराव झाला, की नव्या गोष्टी घातक असतात.

झिपरीनं ठराव ऐकला, घरी आली आणि बांबू तासायला बसली. यावेळी तिनं कुणाला विचारलं नाही. घराघरांत लांब दांड्याची ओगराळी गेली. शेवंताची पिल्लं काठावर उभी राहून पाणी पिऊ लागली, वर नानासाहेबांच्या डोक्यावर ओतूही लागली. शेवंता त्यांना रागवायची, पण हळू आवाजात.

नानासाहेब वाळत चालले. शेवटी त्यांनीच सुचवलं, की झिपरीचा जाहीर सत्कार व्हावा. जंगलातली पहिली वस्तुकार ती. समारंभ तळ्याकाठी, अगदी पाण्यालगत. ज्येष्ठांना एकदम आठवलं, की या पोरीला आपणच घडवलं. भाषणं ठरली.

झिपरीनं निरोप पाठवला, की बांबू भिजत घातलाय, येणं जमणार नाही.

ज्येष्ठ मात्र झाडून सगळे आले. रिवाजाप्रमाणे पहिल्या रांगेत बसले. अण्णा पाण्याकडे पाठ करून बोलायला उभे राहिले. "आमच्या वेळी," एवढंच त्यांना म्हणता आलं.

वानर मदतीला वाकले. गजोबा सोंड वर करून जे पळाले, ते थांबले नदीपलीकडे.

त्यानंतर, मुलांनो, त्या सभेची गणपूर्ती कधी झाली नाही. कामं मात्र भराभर होऊ लागली.

तात्पर्य: मोठ्यांचा मान राखावा. सत्कार कुणाचाही असो, पहिली रांग त्यांनाच द्यावी.