वरचे पस्तीस पैसे

सरकारी माणसाला आकडा सांगताना वरचे पस्तीस पैसे शत्रुघ्नला ऐन वेळी सुचले होते, आणि सुचल्यापासून तो स्वतःवर बेहद्द खूश होता.

झालं होतं असं, की नालासोपारा स्टेशनबाहेरच्या टॅक्सीवाल्यांनी भाडेवाढीचा अर्ज करून वर्ष होत आलं होतं. भाडं वाढवण्याआधी टॅक्सीवाला कमावतो तरी किती, हे सरकारला जाणून घ्यायचं होतं. त्यासाठी बेचाळीस प्रश्नांचा छापील फॉर्म घेऊन जयवंत नावाचे एक गरीब स्वभावाचे कारकून स्टँडवर आले. ते विरारला राहायचे, म्हणून "तुमच्या वाटेवरच तर आहे" असं म्हणत साहेबांनी हे काम त्यांच्या गळ्यात मारलेलं. स्टँडवरच्या पहिल्या माणसाला ते इन्कम टॅक्सवाले वाटले. तो म्हणाला, रोजचे वीस रुपये सुटतात, तेही देवाच्या दयेने. दुसऱ्याला ते कर्ज देणाऱ्या बँकेचे वाटले. त्याने रोजचे हजार सांगितले आणि सही कुठे करू म्हणून विचारलं. शत्रुघ्नपाशी पोचेस्तोवर जयवंत रडकुंडीला आले होते.

शत्रुघ्नचा स्वतःचा हिशेब सरळ होता. रोजचे चारशे, महिन्याचे दिवस तीस, म्हणजे बारा हजार. ही खरी कमाई. पण ती सरकारला सांगितली तर भाडेवाढ गेली खाडीत.

"दोन हजार सातशे त्र्याऐंशी," तो म्हणाला. जयवंतांच्या कपाळाला आठी पडलेली दिसताच त्याने घाईघाईने जोडलं, "आनि वर पस्तीस पैसे."

"पैसेसुद्धा लिहून ठेवता?" जयवंतांनी आकड्याखाली दोनदा रेघ ओढली. "शत्रुघ्नराव, अहो, तुमच्यासारखा माणूस आमच्या खात्याला वीस वर्षांत भेटलेला नाही!"

मग व्हायचं तेच झालं. बाकीच्यांचे फॉर्म बाजूला पडले आणि महिन्याभराने पेपरात छापून आलं, की या भागातल्या टॅक्सीचालकाची निव्वळ मासिक मिळकत दोन हजार सातशे त्र्याऐंशी रुपये पस्तीस पैसे आहे. खाली 'प्रातिनिधिक चालक' म्हणून शत्रुघ्नचं नावही होतं.

त्या दिवशी त्याच्या टॅक्सीत बसलेल्या चारही उतारूंनी तो पेपर वाचला होता.

"सत्तावीसशे? काय मस्करी आहे काय?" मागच्या सीटवरचे एक जण म्हणाले. "आमच्या बिल्डिंगखाली एक टॅक्सीवाला राहतो, त्याच्याकडे फ्रीज आहे, बॉस!"

"टेबलावर बसून आकडे काढतात हो. सरकारी आकडा म्हणजे दोनने गुणायचा आणि वर पाच हजार टाकायचे."

शत्रुघ्नने आरशात बघून चेहरा शक्य तितका केविलवाणा केला. "आता काय बोलनार साहेब? सरकारच सांगतंय," तो म्हणाला. आपण सरकारला बनवलं या आनंदात त्याने दिवसभर हॉर्न जरा जास्तच वाजवला. घरी येऊन हंसाला त्याने पेपर दाखवला. हंसा ओसरीवर मोगऱ्याच्या कळ्या निवडत बसली होती. तिने आकडा वाचला, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा कळ्या निवडायला घेतल्या.

"काय बोलली नाय तू?"

"काय बोलू? जेवायला वाढते," हंसा म्हणाली.

खरी पंचाईत पुढे होती. मुलगा अल्पेश आणि होळी गावची तेजस्वी यांनी आपलं आपण कधीच ठरवून टाकलं होतं. ठरायचं राहिलं होतं ते तेजस्वीच्या मनोरमाआत्याचं. आई लहानपणीच गेल्यामुळे तेजस्वीला आत्याने वाढवलेलं, आणि तिच्या शब्दापुढे तेजस्वीचे वडीलही जात नसत. अल्पेशची नोकरी अजून कायम झाली नव्हती, तेव्हा आत्याला घर बघायचं होतं. मध्यस्थाने बापाची कमाई बारा हजार सांगितली होती आणि वर रंगीत टीव्ही, फ्रीज, नवीन लाद्या असं सगळं वर्णन केलं होतं. रविवारी अकराला ती मंडळी यायची होती.

आणि शुक्रवारी जयवंतांचं कार्ड आलं. पेपरात वाचकांची टिंगलीची पत्रं छापून आली होती. साहेब जयवंतांवर उखडले होते. प्रातिनिधिक चालकाच्या घरी जाऊन राहणीमानाची पडताळणी करा, आकडा खोटा निघाला तर तुम्हाला मेमो आणि भाडेवाढीला फुली, असा हुकूम निघाला होता. जयवंत रविवारी दहाला येणार होते.

"दहा ते अकरा आपन गरीब," शत्रुघ्नने घरात जाहीर केलं. "अकरानंतर श्रीमंत. मधे चहाचे कप बदलायचे."

"आनि खरं काय ते कधी?" हंसाने विचारलं. पण हा प्रश्न कार्यक्रमात बसत नव्हता.

रविवारी सकाळी नऊलाच टीव्ही आणि फ्रीज कुंपणापलीकडे पॉलिनबाईच्या घरी गेले. लाद्यांवर जुनी गोणपाटं पडली. अल्पेशने फाटकी बनियन घालायला साफ नकार दिला, तेव्हा ती शत्रुघ्नने स्वतः घातली.

पण जयवंतांना स्टेशनवर टॅक्सीच मिळेना. रविवारची चर्चची आणि लग्नाची गर्दी, त्यात स्टँडवर जो तो त्यांना ओळखून "साहेब, मागची गाडी घ्या" म्हणू लागला. शेवटी ते पायी निघाले. इकडे मनोरमाआत्याला मात्र होळीहून थेट गाडी मिळाली आणि ती तासभर आधी, दहाच्या ठोक्याला भाऊ आणि भाचीसकट दारात हजर झाली.

आत्याने आधी गोणपाटाकडे पाहिलं, मग शत्रुघ्नच्या बनियनकडे.

"घर हेच ना?"

"हेच, हेच!" शत्रुघ्न दोन्ही हातांनी छाती झाकत म्हणाला. "बसा. टीव्ही आहे आमच्याकडं. फ्रीज पन आहे. जरा बाहेर गेलेत."

"बाहेर गेलेत? कशाला?"

"दुरुस्तीला. म्हनजे... पॉलिनबाईकडं. ए पॉलिन! पाठव गं माझा टीव्ही!"

पॉलिनबाई खमकी होती. तिने टीव्हीचं एक टोक उचललं, दुसरं अल्पेशने धरलं, आणि ती वरात कुंपणाच्या फटीतून अंगणात शिरत असतानाच समोरच्या फाटकातून घामाघूम जयवंत आत आले.

"शत्रुघ्नराव, हा टीव्ही कुणाचा?" त्यांनी कापऱ्या आवाजात विचारलं.

"पॉलिनबाईचा!"

"आत्ता तर माझा म्हनालात," ओसरीवरून आत्या म्हणाली.

"मी घेऊन जाते मग," पॉलिनबाई म्हणाली. "मला काय, दोनदा विचारू नका."

"थांब! नको! ठेव! खाली नको ठेवू!"

टीव्ही अंगणाच्या मध्यावर अधांतरी राहिला. त्याच्यावर हंसाने स्वतः विणलेलं आच्छादन होतं, आणि आच्छादनावर लाल दोऱ्याने ठसठशीत 'हंसा' असं भरलेलं होतं. ते जयवंतांनी वाचलं आणि आत्यानेही वाचलं. जयवंत मटकन पायरीवर बसले.

"मेमो," ते पुटपुटले. "वीस वर्षांत पहिला."

मनोरमाआत्या उठून अंगणात आली. जन्मभर बाजारात भाजी विकलेली बाई, तिला ताजं आणि शिळं एका नजरेत कळायचं. "पावनं, पेपरात तुमचं नाव वाचलंय मी. सरकारला तुम्ही सत्तावीसशे सांगितलेत, आमाला बारा हजार. सरकारचं खरं असेल तर तुम्ही गरीब, आनि आमचं खरं असेल तर तुम्ही लबाड. गरिबाच्या घरात मी मुलगी देईन. लबाडाच्या नाय देनार. काय ते तुम्हीच सांगा."

तेजस्वीने अल्पेशकडे पाहिलं. अल्पेशच्या हातात टीव्ही असल्याने त्याला डोळेही पुसता येत नव्हते. आपल्या पस्तीस पैशांच्या हुशारीपायी पोराचं लग्न मोडतंय, हे शत्रुघ्नला पहिल्यांदाच लख्ख दिसलं, आणि त्याला स्वतःची अतोनात लाज वाटली.

"लबाड," तो खाली मान घालून म्हणाला. "सरकारशी खोटं बोललो. रोजचे चारशे, तीस दिवस. बारा हजार खरे. मुलाला शिक्षा देऊ नका."

"बारा हजार?" हे हंसा म्हणाली. ती आत गेली आणि भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यासकट काढून घेऊन आली. प्रत्येक तारखेच्या चौकोनात मुंगीएवढ्या अक्षरांत काहीबाही लिहिलेलं होतं.

"महिन्याचे दिवस तीस असतील, तुमची गाडी बावीस दिवस चालते. बाकी गॅरेजात," ती म्हणाली. "आठ हजार आठशे. त्यातून डिझेल कोन वजा करील? संध्याकाळी खिसा फुगलेला दिसला की तुमी खूश. सकाळी त्यातलेच परत मागून नेता, ते कोनी धरायचे?"

जयवंत पायरीवरून ताडकन उठले. पेन उघडून, पुन्हा बसून त्यांनी कॅलेंडर मांडीवर घेतलं. डिझेल गेलं. टायर, गॅरेज, नवीन इंजिनाच्या कर्जाचा हप्ता गेला. परमिट, विमा गेला. स्टँडवर दुसऱ्यांना पाजलेला चहासुद्धा हंसाने सोडला नव्हता. जयवंतांनी बेरीज-वजाबाकी दोनदा केली.

"दोन हजार सहाशे चाळीस," ते हळूच म्हणाले. "शत्रुघ्नराव, तुम्ही सरकारला एकशे त्रेचाळीस रुपये पस्तीस पैसे जास्त सांगितलेत."

आयुष्यात एकदाच सरकारला भरभक्कम थाप मारली, तर तीही खरी कमाई फुगवून सांगितल्याची निघावी, याने शत्रुघ्न बनियन झाकायचंही विसरला.

"मग टीव्ही?" त्याने कसंबसं विचारलं. "मी पाचशे दिले, बाकीच्यासाठी तुला भिशी लागली ना?"

"भिशी लागायला आधी भरावी लागते," हंसा म्हणाली. "टीव्ही मोगऱ्याचा आहे. फ्रीज खाऊच्या पानांचा. लाद्या दोन वर्सांच्या केळ्यांच्या."

"मला वाटायचं, तुझ्या फुलांचं आपलं मीठमिरचीपुरतं येतं."

"तुमाला तसंच वाटू दिलं. संध्याकाळी खिशावर हात मारत घरात शिरायचात, बरं वाटायचं बघायला."

शत्रुघ्नला हसावं की रडावं कळेना. बनियनवर उभं राहून दोन्ही करणं बरं दिसलं नसतं, म्हणून त्याने नुसतं नाक ओढलं.

जयवंतांचं काम मात्र संपलं नव्हतं. त्यांनी फॉर्मवर 'कुटुंबातील मुख्य कमावती व्यक्ती' या ओळीत हंसाचं नाव घातलं आणि खाली 'अवलंबून असलेल्या व्यक्ती' या ओळीत अत्यंत संकोचाने लिहिलं : शत्रुघ्न, वय बावन्न, व्यवसाय टॅक्सी.

"खोडा ते," खांद्यावरून वाचत हंसा म्हणाली. "अवलंबून काय म्हनता? माझ्या फुलांच्या टोपल्या रोज पहाटे स्टेशनावर कोन पोचवतो?"

"रोज? गाडी बावीसच दिवस चालते ना?"

"गाडी गॅरेजात असली की सायकलवर. मोगरा काय सुट्टी घेतो?"

"आणि भाडं?"

"नवऱ्याला कसलं भाडं?"

जयवंतांचे डोळे चमकले. "नियमाप्रमाणे केलेल्या कामाचं मोल धरावंच लागतं. टोपल्यांचे रोजचे पाच धरू, तीस दिवस, दीडशे. सव्वीसशे चाळीस अधिक दीडशे..." ते एकदम उभे राहिले. "दोन हजार सातशे नव्वद! आकडा बसला! उलट सहा रुपये पासष्ट पैसे वरच आले! मेमो नाही!" आणि भरात येऊन त्यांनी पॉलिनबाईशी हस्तांदोलन केलं, त्यामुळे टीव्ही पडता पडता वाचला.

"आता तरी हा खाली ठेवू का कोनी सांगाल?" पॉलिनबाई म्हणाली.

मनोरमाआत्याने कॅलेंडर हातात घेऊन वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग ती भावाकडे वळली. "मुलगी द्यायची," ती म्हणाली. "मानूस लबाड नाय. त्याला नुसती वजाबाकी येत नाय. ती आपल्या मुलीची सासू शिकवील." आणि हंसाला बाजूला घेऊन तिने विचारलं, मोगऱ्याला खत कुठलं घालता?

अल्पेशने टीव्ही जागेवर ठेवला आणि मगच डोळे पुसले.

पुढे लग्न झालं. भाडेवाढही झाली, सीटमागे एक रुपया. शत्रुघ्नच्या गाडीतल्या आरशाला आता रोज मोगऱ्याचा ताजा गजरा असतो. भाडेवाढीच्या पहिल्याच दिवशी मागच्या सीटवरचे तेच गृहस्थ पुढे वाकले.

"भाडं वाढवून घेतलंत ना शेवटी? त्या सत्तावीसशेच्या थापेवर! आता आपल्यातलं म्हणून खरं सांगा, महिन्याला सुटतात किती?"

शत्रुघ्नने गजऱ्याकडे पाहिलं. खरं सांगायला त्याची आता काही हरकत नव्हती. पण खरं ते तर पेपरातच छापून आलं होतं आणि त्यावर गाडीतल्या एकाचाही विश्वास नव्हता. शिवाय खिशावर हात मारायची जुनी सवय एकदम कशी सुटणार?

"बारा हजार," तो म्हणाला. गृहस्थांच्या कपाळाला किंचित आठी पडलेली त्याला आरशात दिसली. "आनि वर पस्तीस पैसे."

"बघा!" गृहस्थ बाकीच्यांकडे वळून म्हणाले. "मी म्हटलं नव्हतं?"