सात किलोचा ड्रम

"तू राग मानू नकोस," बँडचा गायक फोनवर म्हणाला आणि ड्रमरने कपाळाला हात लावला. अशी सुरुवात करून आजवर कुणी चांगली बातमी दिलीय? "नवा अल्बम इलेक्ट्रॉनिक पॉप. रॉक आता आपले काकाच ऐकतात. ठोके मशीनच देईल. तुला काही हटके सुचलं तर आज पाठव. नाहीतर..."

पंधरा वर्षं खांदे मोडून घेतले, शेजाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या, आणि आता "नाहीतर"! ड्रमर तणतणत बाथरूममध्ये शिरला. तिथे बायकोने मशीनला कपडे लावले होते. त्याने फोन वॉशिंग मशीनवर ठेवला, बादली पालथी घातली, बदाबदा बडवली आणि न ऐकताच रेकॉर्डिंग पाठवून दिलं.

तासाभरात गायकाचा फोन. "अरे राक्षसा! मागे कोणीतरी बादली बडवतंय, ते काढून टाकू. पण तो खड्-धुप्, खड्-धुप्! कुठला ड्रम रे हा?"

ड्रमरने मशीनकडे पाहिलं. खोटं बोलणं त्याला जमत नसे.

"सात किलोचा."

"वजनावर मिळतात? असो. सगळ्या गाण्यांना हाच ठोका. उद्या दुपारी येतो आम्ही. तू बँडमध्ये पक्का!"

दुसऱ्या दिवशी तो अंघोळ करून येतो तर बायकोने बोलावलेला मेकॅनिक मशीनचं झाकण लावत होता. त्याने ड्रमरच्या हातावर एक किल्ली ठेवली. ड्रमची कातडी ताणायची, तीन महिन्यांपूर्वी हरवलेली.

"ही अडकली होती. वर एक पायही आखूड होता, सरळ केला. आता आवाज आला तर नाव बदलीन."

मशीन गरीब गाईसारखं चालत होतं. मेकॅनिक गेल्यावर ड्रमरने किल्ली आत टाकली. नुसतीच टिणटिण. मग चमचा टाकला. तेवढ्यात बेल वाजली.

"काय शोधतोयस?" बँडला बाहेर बसवून आत आलेल्या बायकोने विचारलं.

"आवाज! तो गेला की मी गेलो बँडमधून!"

"तीन महिने कोकलत होते, आवाज येतोय, आवाज येतोय. तेव्हा कान गहाण होते का?" पण त्याचा चेहरा बघून तिने पदर खोचला. "हो बाजूला. तुझी ती जाड पँट टाक, पट्ट्यासकट. किल्ली खिशात. आणि डावा पाय उचलून खाली पुठ्ठा घाल. माझा नाही रे, मशीनचा!"

खड्-धुप्. खड्-धुप्. हुबेहूब.

बाथरूमच्या दारात अख्खा बँड आ वासून उभा होता. ड्रमरने मान खाली घातली. आता संपलंच.

"म्हणालो होतो ना मी," गायक छाती फुगवून म्हणाला, "ठोके मशीनच देईल!"

पहिल्याच कार्यक्रमाला हॉल गच्च भरला. स्टेजच्या मधोमध मशीन, शेजारी स्टुलावर ड्रमर, मांडीवर साबणाचा डबा. पंधरा वर्षांत घरी ज्याने एकदाही बटण दाबलं नव्हतं, त्याने ऐटीत कपडे कोंबायला घेतले.

पहिल्या रांगेतून बायको किंचाळली, "अरे मेल्या, पांढरे वेगळे!"

"पांढरे वेगळे! पांढरे वेगळे!" अख्खा हॉल ठोक्यावर ओरडायला लागला.

गायकाने घाईघाईने ती ओळ कागदावर लिहून घेतली. ड्रमरने मुकाट्याने पांढरे वेगळे केले.